मागची बाजू पुढे आणा: लॉटरी चालवणाऱ्यांना खुलं पत्र

लॉटरी चालवणाऱ्या तमाम मंडळींना, आणि खास करून पुढे काय झळकवायचं आणि तिकिटाच्या मागे काय ढकलायचं हे जे कोणी ठरवतं त्या साहेबांना किंवा मॅडमना,

नमस्कार. आधीच सांगते, लॉटरी बंद करा म्हणणाऱ्यांतली मी नाही. मी स्वतः तिकीट काढते, आठवड्याला एक, आणि ड्रॉ होईपर्यंतचे दोन-तीन दिवस मनातल्या मनात नोकरी सोडून बघते, मजा येते, त्या मजेचे पैसे द्यायला माझी काही ना नाही. तेव्हा हे पत्र उपदेशाचं वगैरे समजू नका, जुन्या गिऱ्हाइकाची तक्रार समजा.

तक्रार अशी की तुम्ही खोटं काहीच सांगत नाही, पण खरं अशा जागी ठेवता की कुणाची नजर तिथे जाऊ नये. काउंटरवरच्या बोर्डावर जॅकपॉटचा आकडा एवढा मोठा की रस्त्याच्या पलीकडून दिसतो. आणि तो लागण्याचा चान्स किती? तो असतो तिकिटाच्या मागे नाहीतर वेबसाईटच्या तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत. परवा मी एका तिकिटाची मागची बाजू वाचायला घेतली, चष्मा लावून जमेना, शेवटी मोबाईलचा कॅमेरा धरून झूम करून वाचली, आणि झूम केल्यावरही दोन ओळी पुसटच.

तर ती मागची बाजू मी इथे मोठ्याने वाचून दाखवते, चुकलं तर सांगा.

४९ मधून ६ आकडे निवडायचा साधा खेळ घ्या, जगात बऱ्याच ठिकाणी चालतो. कागदावर करून बघितलं. ४९ गुणिले ४८ गुणिले ४७ असं ४४ पर्यंत, आणि आकड्यांचा क्रम कसाही चालतो म्हणून त्याला ७२० ने भागायचं. उत्तर १,३९,८३,८१६. म्हणजे एवढ्या जोडण्यांतली एक तुमची. हा आकडा वाचून कुणाला काहीच होत नाही, डोळे नुसते पुढे सरकतात, म्हणून मी तो सेकंदांत मोडला. एक कोटी चाळीस लाख सेकंद म्हणजे साधारण १६२ दिवस. मी गेल्या १६२ दिवसांतला कुठलाही एक सेकंद मनात धरते, दिवस असो रात्र असो, तुम्ही झोपलेले असा नाहीतर दात घासत असा, आणि तो नेमका सेकंद तुम्ही एका फटक्यात ओळखायचा. अमेरिकेतल्या पॉवरबॉलचा चान्स २९,२२,०१,३३८ मध्ये एक आहे, तिथे तर सव्वानऊ वर्षांतला एक सेकंद ओळखायचाय. हे एकदा डोक्यात बसलं ना, की "कुणाला तरी लागतंच की" या वाक्याचा जोर जरा कमी होतो. लागतं, खरंय, कारण कोट्यवधी लोक एकेक सेकंद सांगत असतात.

दर आठवड्याला एक तिकीट या हिशेबाने सगळ्या जोडण्यांइतकी तिकिटं काढायला मला २ लाख ६९ हजार वर्षं लागतील, आणि एवढं करूनही निदान एकदा जॅकपॉट लागण्याची शक्यता ६३ टक्केच, कारण प्रत्येक ड्रॉ नव्याने सुरू होतो, मागच्या वर्षांची सीनिऑरिटी धरत नाहीत.

आता जे तुम्ही मुद्दाम करता त्याबद्दल. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या लोट्टोने ४९ चे ५९ आकडे केले. दहाच आकडे वाढले, ऐकायला किरकोळ, पण चान्स १ कोटी ४० लाखांत एक होता तो ४,५०,५७,४७४ मध्ये एक झाला. त्याच महिन्यात पॉवरबॉलनेही आकड्यांची रचना बदलली आणि साडेसतरा कोटींतला एक चान्स थेट २९ कोटींवर गेला. का, तर जॅकपॉट लागायला अवघड केला की तो लागत नाही, लागला नाही की पुढच्या ड्रॉला जमा होतो, आणि जमा होत गेला की बोर्डावरचा आकडा बातम्यांत येतो. तीनच महिन्यांत, जानेवारी २०१६ मध्ये, पॉवरबॉलचा जॅकपॉट दीड अब्ज डॉलरच्या वर गेला, जगभर बोंबाबोंब, तिघांत वाटला गेला. म्हणजे हे रोलओव्हर वगैरे नशिबाने होत नाही, खेळ तसा रचलेला असतो. आणि या बदलाची दुसरी बाजू अशी की पॉवरबॉलमध्ये "कुठलं तरी बक्षीस" लागायचा चान्स साधारण ३२ मध्ये एकवरून २५ मध्ये एकवर आला, तोही खराच. पण कुठलं तरी बक्षीस म्हणजे बहुतेक वेळा पुढची एक-दोन तिकिटं निघतील एवढेच पैसे, आणि माणूस ते खिशात घालत नाही, काउंटरवरच परत देतो, तुम्हाला हे आमच्यापेक्षा जास्त माहितीये.

मग तो जॅकपॉटचा आकडा तरी खरा असतो का? नोव्हेंबर २०२२ मध्ये पॉवरबॉलचा २.०४ अब्ज डॉलरचा जॅकपॉट लागला, आजवरचा सगळ्यात मोठा. पण २.०४ अब्ज म्हणजे २९ वर्षांत, ३० हप्त्यांत, वाढत जाणाऱ्या रकमेने मिळणारी एकूण बेरीज. एकरकमी हवे असतील तर ९९ कोटी ७६ लाख डॉलर, निम्म्याहून कमी, आणि टॅक्स त्यानंतर. हातात असलेली रक्कम एक अब्जाच्या आत आणि बोर्डावर दोन अब्ज. दुकानदाराने असं लेबल लावलं असतं तर आपण त्याला काय म्हटलं असतं ते इथे लिहीत नाही. सगळ्याच लॉटऱ्या हप्त्यांत देत नाहीत, काही ठिकाणी एकरकमी आणि टॅक्स न कापता मिळतात, म्हणूनच आपण खेळतो त्या लॉटरीचा नियम आधी वाचलेला बरा.

परत किती देता हेही तसंच. बऱ्याच मोठ्या लॉटऱ्यांत गोळा झालेल्या पैशातले साधारण निम्मे बक्षिसांत जातात, बाकी सरकारी तिजोरी, समाजकार्य, विक्रेत्याचं कमिशन, जाहिराती, तुमचा खर्च. समाजकार्याला जातात ते चांगलंच, त्याबद्दल बोलणं नाही. पण तुलनेसाठी सांगते, एका शून्याच्या रूलेटमध्ये (फिरत्या चाकावर बॉल कुठल्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावायचा खेळ) कॅसिनो सरासरी शंभरातले पावणेतीनच्या आसपास ठेवतो. ज्या कॅसिनोला सगळे नावं ठेवतात तो पावणेतीन ठेवतो आणि तुम्ही पन्नास, आणि तरी फॅमिलीसोबत बघायच्या कार्यक्रमात ड्रॉ दाखवता! (रूलेट मिनिटाला फिरतं आणि ड्रॉ आठवड्यात एक-दोनदा, म्हणून माणूस कॅसिनोत लवकर बुडतो हे मान्य. तरी पन्नास ते पन्नासच.)

आता माझ्या मामाबद्दल सांगते. मामा लॉटरीचा पक्का. त्याच्याकडे एक लांबट वही होती, कव्हर निघालेलं, वर रबर लावलेलं, त्यात प्रत्येक ड्रॉचे आकडे ओळीने उतरवलेले. जास्त वेळा आलेल्या आकड्यांभोवती लाल गोल, बरेच दिवस न आलेल्यांभोवती निळा. लाल म्हणजे फॉर्मात आहे, निळा म्हणजे आता येणारच. लाल आला तरी वही बरोबर, निळा आला तरी वही बरोबर, आणि दोन्ही नाही आले तर मामाच म्हणायचा की अजून डेटा कमी पडतोय. मला तेव्हा ते शास्त्रच वाटायचं. आता कळतं की बॉलला वही वाचता येत नाही, मागच्या वेळी कोण आलं होतं हे त्याला ठाऊकच नसतं.

आणि मामा एकटा नव्हता. इटलीतल्या लोट्टोत वेनिसच्या चाकावर, म्हणजे त्या शहराच्या वेगळ्या ड्रॉमध्ये, ५३ हा आकडा १८२ ड्रॉ आलाच नाही. ९० मधून ५ निघतात, म्हणजे सरासरी १८ ड्रॉमध्ये एकदा यायला हवा, म्हणून लोक म्हणायला लागले की आता येणारच, आणि पैसे लावत गेले, वाढवत गेले, बचत गेली, कर्जं झाली, काहींनी जीव दिल्याच्याही बातम्या आल्या. ९ फेब्रुवारी २००५ ला ५३ आला एकदाचा. एकशे त्र्याऐंशीव्या ड्रॉलाही त्याचा चान्स तेवढाच होता जेवढा पहिल्याला. असं असून काही लॉटऱ्या आजही आपल्याच वेबसाईटवर "जास्त वेळा आलेले" आणि "बरेच दिवस न आलेले" आकडे कौतुकाने दाखवतात. तुम्हाला माहितीये त्याचा काडीचा उपयोग नाही, मग ते टेबल कशासाठी आहे? मामासाठीच ना?

बल्गेरियात २००९ च्या सप्टेंबरमध्ये ४, १५, २३, २४, ३५, ४२ हे आकडे आले आणि चारच दिवसांनी पुढच्या ड्रॉला परत तेच सहा. चौकशी लागली, घोटाळा काही निघाला नाही. मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची, दुसऱ्या वेळी १८ जणांनी ते सहाच्या सहा भरलेले होते, म्हणजे मागचेच आकडे उचलून भरणारी माणसं जगात असतात आणि त्यांना एकदा लागलंही, फक्त १८ जणांत वाटून.

हे वाटून घेण्याचं खेळणाऱ्यांना कुणी नीट सांगत नाही. कुठलेही सहा आकडे भरा, लागायचा चान्स सारखाच, १-२-३-४-५-६ भरा नाहीतर मशीनला निवडू द्या. पण लागल्यावर किती मिळणार ते बाकीच्यांनी काय भरलंय त्यावर आहे. लोक वाढदिवस भरतात, म्हणजे ३१ च्या आतले आकडे. आता ४९ मधल्या सगळ्या जोडण्यांत सहाच्या सहा आकडे ३१ पर्यंतचे असलेल्या जोडण्या जेमतेम पाच टक्के, आणि त्या पाच टक्क्यांत ही गर्दी. जानेवारी १९९५ मध्ये ब्रिटनच्या लॉटरीत ७, १७, २३, ३२, ३८, ४२ आले आणि जॅकपॉटचे मानकरी निघाले १३३. एक कोटी साठ लाख पाउंडाच्या वर रक्कम होती, प्रत्येकाच्या हातात पडले १,२२,५१०. दक्षिण आफ्रिकेतही पॉवरबॉल नावाची लॉटरी आहे, तिथे १ डिसेंबर २०२० ला ५, ६, ७, ८, ९ आणि वेगळा काढतात तो पॉवरबॉल १० असे आले, लोक खवळले, घोटाळा घोटाळा म्हणून ओरडले, आणि २० जणांनी नेमके तेच भरलेले होते. ओळीने आकडे आले की आपल्याला ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं, पण ४९ मधून ६ काढले तर जवळपास निम्म्या ड्रॉमध्ये कुठले तरी दोन आकडे एकमेकांच्या शेजारचे असतात. विश्वास बसत नसेल तर जुने निकाल काढून मोजा, मी मामाच्याच वहीत मोजले.

थोडक्यात काय तर चान्स वाढवायचा एकच मार्ग, जास्त तिकिटं. आणि सगळीच घेतली तर? स्टेफन मँडेल नावाच्या माणसाने १९९२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या लॉटरीत तेच करायला घेतलं. ४४ मधून ६, म्हणजे ७०,५९,०५२ जोडण्या, आणि जॅकपॉट दोन कोटी सत्तर लाख डॉलर. दुकानादुकानांतून माणसं लावून तिकिटं छापून घेतली, सगळी व्हायच्या आत वेळ संपली, तरी जिंकणारं तिकीट त्यांच्याकडेच निघालं. नंतर ठिकठिकाणी नियम कडक झाले. आपण एकाऐवजी दोन तिकिटं घेतली तर चान्स दुप्पट होतो हे खरं, १६२ दिवसांतले एकाऐवजी दोन सेकंद.

आणि ते "थोडक्यात हुकलं". परत ४९ चाच खेळ घ्या, सहापैकी तीन आकडे लागायचा चान्स ५७ मध्ये एक, पण पाच लागायचा ५४,२०१ मध्ये एक. तीन लागले की माणसाला वाटतं अर्धा रस्ता आला, पण हा रस्ताच तसा नाही. ८५ टक्के वेळा एकतर एकही आकडा जुळत नाही नाहीतर फक्त एक जुळतो. स्क्रॅच कार्डाचं तर विचारूच नका, तीनपैकी दोन चित्रं सारखी आणि तिसरं जवळपास तसंच, हे चित्र कोण डिझाइन करतं मला एकदा भेटायचंय. शिवाय कार्ड विकलं जात असताना त्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस कधीच कुणीतरी नेलेलं असू शकतं. कुठली बक्षिसं शिल्लक आहेत हे काही लॉटऱ्या वेबसाईटवर टाकतात, चांगलं करतात, पण कार्ड घेताना कोण वेबसाईट उघडतं, ते काउंटरवर लावा की.

ड्रॉ प्रामाणिक असतो का, हा प्रश्न मला लोक नेहमी विचारतात. बहुतेक वेळा असतो, कारण वर सांगितलेल्या हिशेबात तुम्हाला चोरी करायची गरजच नाही. पण झालंय तसं. १९८० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनियात, तीन आकडी नंबर काढायच्या खेळात, आतल्याच काही जणांनी ४ आणि ६ सोडून बाकीच्या बॉलमध्ये रंग भरून ते जड केले, आणि निकाल आला ६६६. पकडले गेले, कारण ठरावीक आकड्यांवर अचानक भरमसाठ पैसे लागले होते. आणि एडी टिप्टन तर बऱ्याच राज्यांची लॉटरी चालवणाऱ्या संघटनेत सिक्युरिटीचाच अधिकारी, त्याने आकडे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असा कोड घातला की वर्षातल्या ठरावीक तीन तारखांना आकडे अंदाजात यावेत. २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला. म्हणून म्हणते, बॉल कधी तोलले, मशीन कुणी तपासलं, सॉफ्टवेअर बाहेरच्या कुणी बघितलं का, हे न मागता सांगत जा.

आता थोडं खेळणाऱ्यांसाठी, तुम्ही सांगत नाही म्हणून मीच सांगते. तिकीट ज्याच्या हातात त्याचं असाच बऱ्याच ठिकाणी नियम, म्हणून घेतल्या घेतल्या मागे सही करा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढा, ती छपाई उन्हात, पाकिटात पुसली जाते, माझं एक असंच कोरं झालंय, काय होतं त्यावर देव जाणे. मुदत बघा. ब्रिटनमध्ये जून २०१२ च्या ड्रॉमधलं सहा कोटी ३८ लाख पाउंडांचं बक्षीस १८० दिवसांत कुणी न्यायलाच आलं नाही, गेलं. ऑफिसमध्ये चार जण मिळून काढत असाल तर कुणी किती दिले ते लिहून सगळ्यांना मेसेज करा. आमच्या ऑफिसात एकदा छोटंसंच बक्षीस लागलं आणि एकजण म्हणाला त्या आठवड्याचे मी दिले होते, दुसरा म्हणाला नव्हते दिले, दोघं अजून एका टेबलावर बसत नाहीत, रक्कम ऐकाल तर हसाल. आणि "तुम्हाला लॉटरी लागली आहे, प्रोसेसिंग फी भरा" असा मेसेज आला तर एकच आठवा, तिकीट काढलं होतं का? न काढलेल्या तिकिटाला लॉटरी लागत नाही, आणि आधी पैसे भरा, मग बक्षीस देतो म्हणणारा शंभर टक्के चोर. या चोरांना तुमच्या त्या मोठ्या आकड्यांचीच आयती जाहिरात मिळते, म्हणून सावध करायचं काम पण तुमचंच.

मागणं फार नाही. बोर्डावर जॅकपॉट ज्या अक्षरांत आहे त्याच अक्षरांत, त्याच्या खालीच, लागायचा चान्स लिहा. आज एकरकमी किती मिळतील ते लिहा. शंभरातले किती परत देता ते लिहा. जागा नाही म्हणू नका, जॅकपॉटला दोन अब्ज लिहायला सगळे शून्य बसवता तुम्ही. आणि ते आकड्यांचं टेबल काढून टाका वेबसाईटवरून. एवढं सगळं लिहिलंत म्हणून माझ्यासारखी माणसं तिकीट काढायची थांबतील असं मला नाही वाटत, आणि एवढ्याने जे थांबतील त्यांचे पैसे तुम्हाला खरंच हवेत का याचं उत्तर मला कळवलंत तर बरं होईल.

तुमची,
दर आठवड्याची गिऱ्हाईक

ता. क. मामा गेला, वही माझ्याकडे आली. शेवटच्या पानावर त्याचे ठरलेले सहा आकडे आहेत, त्यातले पाच आम्हा भाचरांचे वाढदिवस, म्हणजे ३१ च्या आतले, म्हणजे लागलेच तर बऱ्याच जणांत वाटावे लागणार. या आठवड्याला पण तेच भरलेत. मागे सही केली आहे.